शेगडीशेजारची बादली

मनीमाजऱ्यातल्या त्या खोलीत शेगडीशेजारी पाण्याने काठोकाठ भरलेली बादली ठेवलेली होती. घरमालकीण बीजींनीच ती ठेवायला सांगितली होती. विस्तवाचे सारे विष पाणी ओढून घेते, ही त्या गल्लीतली पिढीजात समजूत. पहाटे सासूबाई दाराशी कोसळल्या, तेव्हा त्यांचा हात लागून तीच बादली लवंडली आणि पाणी अंथरुणांखाली गेले. त्या गारव्यानेच बाकीचे जागे झाले. बादलीने जीव वाचवला असे म्हणायचेच असेल, तर ते एवढ्याच अर्थाने.

हे कुटुंब मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याकडचे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसे कित्येक दशकांपासून सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभरातल्या सराफ बाजारांत पांगली आहेत. तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत जिथे दागिने घडतात, तिथे एखाद्या बोळात त्यांची भट्टी सापडते. या घरातला कर्ताही मनीमाजऱ्याच्या जुन्या वस्तीत एका अरुंद दुकानात मूस आणि कोळसा सांभाळत असे. ज्या माणसाचे पोट विस्तवावर चालते, त्याच्याच घरात विस्तवाने घात करावा, हे या प्रसंगातले सर्वांत विचार करायला लावणारे अंग आहे.

मनीमाजरा हे चंदीगडचे असूनही चंदीगडसारखे नाही. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यात सेक्टरांना क्रमांक दिले गेले, त्यात तेराचा आकडा वगळला होता. 2020 मध्ये तो रिकामा आकडा मनीमाजऱ्याला देण्यात आला. कागदावर सेक्टर 13 झाले, तरी पडक्या किल्ल्याभोवतीच्या गल्ल्या होत्या तशाच राहिल्या. भिंतीला भिंत लागलेली घरे, नऊ इंची विटांचे बांधकाम, वर उघडा काँक्रीटचा स्लॅब, आणि गल्ली इतकी चिंचोळी की हिवाळ्यातले तिरपे ऊन तळमजल्यापर्यंत पोचतच नाही. कुटुंबाची खोली मात्र वरच्या मजल्यावर होती. तिला ऊन मिळायचे, पण ऊन असेल तर.

जानेवारीत ऊन नसते. पुण्या-नाशिकची थंडी ही रात्रीची थंडी आहे. पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर उतरला, तरी दुपारी भिंती तापतात आणि संध्याकाळपर्यंत ती ऊब घर सांभाळून ठेवते. शिवालिकच्या पायथ्याशी धुके दिवसच्या दिवस उठत नाही. किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली असेल आणि दिवसाचे कमाल तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून अधिक खाली राहिले, तर हवामान खाते त्याला ‘शीत दिवस’ म्हणते. असे चार-पाच दिवस ओळीने आले की विटा आणि काँक्रीट आतपर्यंत गारठतात. मग खोलीतली हवा कशीबशी तापवली तरी भिंती अंगातली ऊब ओढत राहतात. शरीर आपल्या उष्णतेचा मोठा वाटा किरणांच्या रूपाने समोरच्या गार पृष्ठभागांना देत असते. हवा सोळा अंश असूनही हुडहुडी भरते, ती यामुळे.

सासूबाई संक्रांतीच्या आधी गावाकडून आल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “पानपतात माणसं कशी मेली आसतील ते आत्ता कळालं बग.” त्या उगाच बोलल्या नव्हत्या. पानिपत तिथून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, आणि 14 जानेवारी 1761 ची लढाई याच थंडीत, उपाशी आणि अपुऱ्या कपड्यांच्या फौजेने लढलेली.

हीटर घ्यावा तर घरमालकांची मनाई. जुन्या वायरिंगवर एकाच वेळी दोन घरांनी हीटर लावले की सारा मजला अंधारात जायचा. दुकानात मात्र रोज संध्याकाळी भट्टीत अर्धा किलोभर कोळसा धगधगत उरायचा. तो विझवून टाकण्याऐवजी लोखंडी शेगडीत घालून घरी आणणे, यात कोणाही समंजस माणसाला काटकसरच दिसेल. हिशेबही त्याच्या बाजूचा आहे. अर्धा किलो लोणारी कोळशात सुमारे 15 मेगाज्यूल उष्णता असते. ती तीन तासांत बाहेर पडली तर सरासरी चौदाशे वॅट होतात, म्हणजे चांगला मोठा विजेचा हीटर. शेगडी लोक अडाणीपणाने वापरतात असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा. ती वापरली जाते, कारण ती खरोखरच खोली तापवते.

घात कुठे झाला? कोळशाच्या थराखालून हवा शिरते, तेव्हा तळाशी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर चढताना लालबुंद निखाऱ्यांमधून जातो आणि तिथल्या कार्बनशी पुन्हा संयोग पावून त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. भट्टी जोरात असेल, तर हा वायू पृष्ठभागावर येऊन पेट घेतो. निखाऱ्यांवर नाचणाऱ्या त्या निळसर ज्वाळा म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइडच. दुकानातली भट्टी ब्लोअरवर चालते, वर धुराडे असते, समोरचे दार रस्त्यावर उघडते. विष तिथेही तयार होते, पण जळून जाते किंवा वाहून जाते. घरी शेगडीचा एक नियम सगळे पाळतात: धूर आणि ज्वाळा संपेपर्यंत ती बाहेर ठेवायची, निखारे राखेने झाकले गेले की आत घ्यायची. डोळ्यांना आणि नाकाला हा नियम पटतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो नेमका उलटा आहे. ज्वाळा विझल्या म्हणजे वायू बनायचा थांबला असे नव्हे, तर तो जळायचा थांबला. ना रंग, ना वास, ना डोळ्यांची चुरचुर. गलाईवाल्याचे सारे अनुभवसिद्ध ज्ञान धुराविषयी होते, आणि इथे धूरच नव्हता.

पहिल्या दोन सकाळी घरातल्या चौघांचेही डोके दुखत होते. मुलीला मळमळत होते. जवळच्या दवाखान्यात व्हायरल असल्याचे सांगून गोळ्या मिळाल्या. हिवाळ्यात प्रत्येक घरात सर्दी-तापाचे कोणी ना कोणी असतेच, त्यामुळे यात कोणाला काही खटकले नाही. खटकायला हवी होती ती एक गोष्ट: बाहेर पडले की तासा-दोन तासांत सगळ्यांना बरे वाटायचे आणि ताप कोणालाच नव्हता. तिसऱ्या रात्री सुनेने जुनी गोधडी गुंडाळून दाराखालच्या फटीत बसवली. “आत्या, आता वारं न्हाई लागायचं,” असे तिने सासूबाईंना सांगितलेही. पहिल्या दोन रात्री त्या घराला ज्या फटीने वाचवले होते, ती फट तिने मायेने बंद केली.

आकडे मांडून पाहू. खोली तीन मीटर लांब, रुंद आणि उंच, म्हणजे 27 हजार लिटर हवा. अर्धा किलो कोळशात साधारण 400 ग्रॅम कार्बन. त्याचा दहावा हिस्सा जरी मोनॉक्साइडच्या रूपाने बाहेर पडला, तरी तो वायू 90 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे 80 लिटर भरतो. खोली पूर्ण बंद असेल, तर हवेच्या दर दहा लाख भागांत तीन हजार भाग. फटींतून तासाला एकदा सारी हवा बदलते असे धरले, तरी प्रमाण हजारच्या आसपास जाते. जागतिक आरोग्य संघटनेने तासाभरासाठी घातलेली मर्यादा दहा लाखांत सुमारे तीस भागांची आहे. हजारांत तासाभरात डोके ठणकू लागते आणि पुढच्या दोन-तीन तासांत प्राण जाऊ शकतो, तोही झोपेतून जाग न येता. कारण हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो.

आणि बादली? कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दहा लाखांत हजार भाग असलेल्या त्या खोलीच्या हवेत सुमारे तीस ग्रॅम वायू असताना दहा लिटरची बादली त्यातला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा घेणार नाही. लाखातला जेमतेम एक भाग. ही समजूत आली कुठून, याचा अंदाज करता येतो. विजेच्या हीटरने खोलीतली सापेक्ष आर्द्रता घटते, ओठ फुटतात, घसा सुकतो, म्हणून शेजारी पाण्याचे भांडे ठेवतात आणि ते योग्यच आहे. हीटर ‘ऑक्सिजन जाळतो’ असा समज त्याला चिकटला (तापलेली तार ऑक्सिजन जाळत नाही) आणि मग भांड्याकडे हवा शुद्ध करण्याचे कामही आले. हेच भांडे कधीतरी हीटरजवळून शेगडीजवळ सरकले असावे. अशीच दुसरी समजूत म्हणजे विषारी वायू जड असतो, तेव्हा खाटेवर झोपावे. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलकाच आहे. तो खोलीभर सारखा मिसळतो आणि खाटेवरच्याला आणि जमिनीवरच्याला सारखाच वागवतो.

सासूबाई पहाटे उठल्या त्या लघवीसाठी. दोन पावले टाकल्यावर पाय लटपटले, कशाला तरी धरायचे म्हणून हात कडीला गेला, कडी निघाली आणि त्या उघडत्या दारात पडल्या. बाहेरची पाच अंशांची हवा आत आली. घरात कोविडच्या दिवसांतला ऑक्सिमीटर होता. मुलाने तो आईच्या बोटाला लावला, आकडा आला 98. शेजारी म्हणाले, ऑक्सिजन तर उत्तम आहे, चक्कर आली असेल, साखर-पाणी द्या. अकरावीत विज्ञान शिकणारी नात मात्र अडून बसली. तिचे स्वतःचे डोके फुटत होते, तिच्या बापाचेही, आणि एकाच वेळी सगळ्यांना चक्कर कशी येईल, एवढाच तिचा मुद्दा होता.

तो मुद्दा बिनतोड होता. बोटावरचा ऑक्सिमीटर तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवतो आणि कोणता किती शोषला गेला यावरून ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण काढतो. कार्बन मोनॉक्साइडने बांधलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश जवळपास तसाच सोडते, म्हणून हे यंत्र त्यालाही ऑक्सिजनच समजते. रक्तातला पाचवा हिस्सा निकामी झालेला असताना ते निश्चिंतपणे 98 दाखवते. कोविडनंतर घरोघरी पोचलेल्या या उपकरणाविषयी ही एक गोष्ट खोक्यावर ठळक छापायला हवी होती. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: “घर में अंगीठी जलाते हो?” रक्ताची वेगळी तपासणी झाली, तोंडाला मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन सुरू झाला. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. तिसऱ्या प्रहरी सासूबाईंनी चहा मागितला.

या वायूने माणसे मारली जातात हे ज्ञान नवे नाही. जानेवारी 1896 मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसाखाणीत स्फोट झाला, तेव्हा जॉन स्कॉट हाल्डेन यांनी मृतदेह तपासून दाखवले की बहुतेक खाणकामगार स्फोटाने नव्हे, तर त्यानंतरच्या कार्बन मोनॉक्साइडने गेले होते. हाल्डेन यांनी तो वायू स्वतः हुंगून, स्वतःच्या रक्तावर मोजमापे घेतली होती. खाणीत लहान प्राणी-पक्षी नेण्याची सूचना त्यांचीच. पाखराचा श्वास जलद, म्हणून ते आधी कोसळते. ब्रिटिश खाणींतले कॅनरी पक्षी 1986 मध्ये निवृत्त झाले. कादंबरीकार एमिल झोला 1902 मध्ये पॅरिसमधल्या आपल्या घरी असेच गेले, धुराडे तुंबलेले होते. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. महाराष्ट्रात शेगडी नसली, तरी खिडकीविना न्हाणीघरातला गॅस गीझर आहे. रसायन तेच.

उपाय सीमेवरही शोधावा लागला. उंच ठाण्यांवर जवानांच्या बंकरात रॉकेलची बुखारी पेटते, आणि तिच्या वायूने व भडक्याने मृत्यू होत आले. डीआरडीओच्या दिल्लीतल्या डिपास प्रयोगशाळेने त्यासाठी ‘हिम तापक’ तयार केले आणि 2021 च्या आरंभी लष्कराने त्यासाठी 420 कोटी रुपयांची मागणी नोंदवल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास सोनम वांगचुक यांनी सूर्याच्या उष्णतेवरचा लष्करी तंबू दाखवला. बाहेर रात्री उणे 14, आत रात्री दहाला अधिक 15 अंश. ती बातमी वाचून मनीमाजऱ्यातही तसे काही करता येईल असे वाटते, आणि तिथेच निराशा होते. लडाखमध्ये थंडी कडक पण ऊन लख्ख. पंजाब-हरियाणाच्या धुक्यात पाच अंशांची रात्र उबदार करणे हे उणे चौदाच्या रात्रीपेक्षा सूर्याला अवघड जाते.

नातीने आजी घरी आल्यावर वही उघडली. हा त्या घरातला पुढचा महिना.

आधी तिने खोलीची गळती मोजली. उघडा स्लॅब नऊ चौरस मीटर, प्रत्येक अंशाच्या फरकामागे सुमारे 28 वॅट. बाहेरची भिंत 18, काचेची खिडकी 8, फटींतून जाणारी हवा 9. एकूण साठ-पासष्ट वॅट. म्हणजे बाहेरच्यापेक्षा दहा अंश अधिक हवे असतील, तर सतत साडेसहाशे वॅट ओतावे लागणार. झोपलेला माणूस स्वतः सत्तर-ऐंशी वॅटची शेगडी असतो. चार माणसे म्हणजे तीनशे, आणि यात धूर नाही, राख नाही.

मग बापाने मोबाइलवर पाहिलेला प्रयोग करून पाहिला: चार मेणपणत्या आणि त्यांवर उपडी घातलेली मातीची कुंडी. कुंडी कडकडीत तापते आणि पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो. पण एक मेणपणती चाळीस वॅटच देते, चारांचे एकशे साठ, आणि कुंडी त्यात एकाही वॅटची भर घालत नाही. नातीच्या हिशेबाने फार तर अडीच अंश वाढायला हवे होते, थर्मामीटरने एक दाखवला. शिवाय मेणपणत्या दाटीने ठेवून वर झाकण घातले, की सारे मेण वितळून एकदम पेट घेऊ शकते. कुंडी परत गच्चीवर गेली.

उपयोगी पडले ते खोली तापवण्याचा नाद सोडल्यावर. दोन लिटरच्या रबरी पिशवीत सत्तर अंशांचे पाणी भरून ती जाड कापडात गुंडाळून रजईत ठेवली, तर रात्रीच्या सहा तासांत सरासरी तेरा-चौदा वॅट मिळतात. खोलीसाठी हा आकडा हास्यास्पद आहे, रजईतल्या पायांसाठी भरपूर. तापवलेली वीट त्याच वजनाच्या पाण्याच्या पाचव्या हिश्शाएवढीच ऊब धरते, हेही वहीत आहे. सासूबाईंना ते पटले नाही आणि त्यांनी आपली वीट सोडली नाही. काश्मीरची कांगडी, जपानचे कोतात्सु, इराणची कोरसी, सगळ्यांचे तत्त्व हेच: हवा नव्हे, माणूस तापवायचा. फक्त कांगडीतला आणि जुन्या कोरसीतला कोळसा वगळायचा. कांगडीच्या चटक्यांनी पोटा-मांड्यांवर होणारा कर्करोग 1866 मध्ये एल्म्सली या डॉक्टरांनी नोंदवलेला आहे.

अंथरुणे बाहेरच्या भिंतीपासून हलवून मधल्या भिंतीशी आली. खाटेवरच्या मच्छरदाणीवर सुती लुगडी पसरली गेली. त्या लहानशा तंबूत दोन माणसांच्या श्वासा-अंगाने खोलीपेक्षा तीन अंशांची वाढ झाली, आणि सुती कापडातून हवा खेळती राहिली. दाराखालची गोधडी पुन्हा बसली. या वेळी ती योग्य होती, कारण आत काही जळत नव्हते. ऊब टिकवण्याचे आणि विस्तव पेटवण्याचे उपाय एकाच खोलीत नांदू शकत नाहीत, ही अट नातीने वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवली आहे.

बीजींशी बोलणे सुनेने केले. चारशे वॅटचा एक रॉड चालेल, पण भिंतीतल्या मोठ्या सॉकेटवरच, एक्स्टेंशन बोर्डावर नाही, पांघरुणापासून चार हात दूर आणि झोपण्यापूर्वी बंद, असे ठरले. विजेचे गादीवर घालायचे पांघरूण साठ-सत्तर वॅट घेते आणि निजण्याआधी अर्धा तास लावले तरी पुरते. सासूबाईंना मधुमेह आहे, पायांना चटका कळत नाही, म्हणून त्यांच्या अंथरुणात ते तापवून बंद केल्यावरच त्यांना झोपवतात. पिशवीलाही दुहेरी गवसणी. कार्बन मोनॉक्साइडचा गजर देणारा लहान डबा मुलाने मागवला, पण तो घरात लावला नाही. तो दुकानात भट्टीवर टांगलेला आहे. आता शटर अर्धे ओढून काम करण्याचे दिवस संपले, असे तो म्हणतो, आणि उरलेला कोळसा दुकानातच पत्र्याच्या झाकणबंद डब्यात घालून विझवतो.

बीजी मात्र अजूनही आपल्या खोलीत बादली ठेवतात. त्यांच्याकडे विजेचा हीटर आहे, तेव्हा कोणी हरकत घेतलेली नाही. त्यांनी नातीला एकदा विचारले, की पाणी विष घेत नाही तर मग घेते काय? तिने वहीतला हिशेब त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर बीजी उठल्या, आपल्या जिन्याखाली हिवाळाभर ठेवलेली अंगीठी उचलून गच्चीवर नेली आणि परत येऊन म्हणाल्या, त्या रबरी पिशव्या कुठे मिळतात तेवढे सांग, दोन हव्यात.